मॉडेल घोडे: संग्रहाची सुरुवात आणि प्रदर्शनाची तयारी

मॉडेल घोड्यांच्या प्रदर्शनात टेबलावर उभ्या असलेल्या वीतभर उंचीच्या घोड्याला परीक्षक जिवंत घोड्याचेच निकष लावतो. खांद्याचा उतार बरोबर आहे का, दुडकीत उचललेले पाय योग्य जोडीचे आहेत का, मालकाने सांगितलेल्या जातीत हा रंग खरोखर आढळतो का, तंग, म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा, कोपराच्या मागे बसला आहे का, हे त्याचे प्रश्न असतात. त्यामुळे या छंदाला पैसा आणि कपाटातली जागा लागत असली, तरी त्यांच्या आधी लागते ती घोडा पारखणारी नजर. ज्याची नजर तयार आहे, त्याला साध्या, सहज मिळणाऱ्या मॉडेलांतूनही प्रदर्शनात उभा राहील असा घोडा निवडता येतो. ज्याची नजर तयार नाही, तो महागडे मॉडेल चुकीच्या जातीच्या नावाखाली मांडतो आणि निकाल असा का लागला हे त्याला कळत नाही. या लेखातील पायऱ्यांचा क्रम याच कारणासाठी खरेदीपासून सुरू होत नाही.

पहिली पायरी: खरा घोडा पाहणे

सुरुवातीचे काही आठवडे काहीही विकत न घेता घोडे पाहण्यात घालवावेत. प्रत्यक्ष पाहता आले तर उत्तमच. नाहीतर घोड्यांच्या स्पर्धांची चलचित्रे संथ गतीने पाहणे हा चांगला पर्याय आहे. साध्या चालीत घोड्याचे चारही पाय एकामागून एक जमिनीवर पडतात, म्हणजे कान देऊन ऐकले तर चार ठोके ऐकू येतात. दुडकीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले दोन पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, एकत्र पडतात आणि ठोके दोनच होतात. कँटर या दुडकीहून वेगवान चालीत ते तीन असतात. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय हवेत असतात तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असताना येतो, पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या छायाचित्रांनी हे दाखवून दिले. त्याआधीच्या कित्येक चित्रांत चारही पाय ताणून उडणारे घोडे दिसतात. मॉडेल घडवणाराही अशा चुका करू शकतो. एखाद्या मॉडेलची चाल ओळखताच येत नसेल, तर ते कितीही देखणे असले तरी कसलेल्या परीक्षकापुढे कमी पडण्याची शक्यता मोठी असते.

चालीनंतर बांधा. घोडा बाजूने पाहताना मान, खांदा, पाठ, पुठ्ठा (शेपटीच्या वरचा गोलसर भाग) आणि पाय यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण पाहावे. पुढून पाहताना दोन्ही पाय सरळ रेषेत आहेत का आणि मागून पाहताना मागच्या पायांचे मधले सांधे एकमेकांकडे वळलेले तर नाहीत ना, हे तपासावे. शिंगराचे पाय जन्मतःच शरीराच्या मानाने फार लांब असतात, म्हणून मोठ्या घोड्याचे प्रमाण तसेच लहान करून घडवलेले शिंगरू नेहमी खोटे वाटते. स्नायू, शिरा, नाकपुड्यांची आतली खोली, खुरांचा कोन हे सगळे पुढच्या टप्प्यात आपोआप दिसू लागते. पहिल्याच दिवशी सगळे पाहण्याचा अट्टहास करू नये.

मग जात आणि रंग. या ठिकाणी नवख्यांकडून सर्वांत जास्त गुण गमावले जातात. अरबी घोड्याचा चेहरा किंचित आत वळलेला आणि शेपटी उंच धरलेली असते. क्वार्टर हॉर्सचा पुठ्ठा जड आणि भरदार असतो. मारवाडी घोड्याचे कान टोकाला आत वळून एकमेकांकडे झुकतात. शायर जातीच्या पायांवर खुरांपर्यंत लांब केस उतरलेले असतात. पण जात केवळ बांध्याने ठरत नाही. शुद्ध अरबी घोड्यांत अंगाचा रंग फिका करणारे क्रीम जनुक आढळत नाही, त्यामुळे सोनेरी अंगाचे आणि पांढऱ्या आयाळीचे पॅलोमिनो मॉडेल ‘शुद्ध अरबी’ म्हणून मांडले, की जाणकार परीक्षक ते बाजूला ठेवतो. तेच मॉडेल अर्ध-अरबी म्हणून मांडले तर त्याला पूर्ण न्याय मिळतो. हाफलिंगर म्हटले की तांबूस अंग आणि फिकी आयाळ, क्लीव्हलँड बे म्हटले की काळ्या पायांचा कुम्मैत, म्हणजे लालसर तपकिरी, रंग, हे ठरलेले आहे. सब्जा (करडा) घोडा जन्माला येतो तेव्हा गडद असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो, परंतु त्याची कातडी काळीच राहते. म्हणून म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याचेही नाक काळसर दिसते. याउलट जन्मखुणेच्या पांढऱ्या पट्ट्याखालची कातडी गुलाबी असते. अ‍ॅपलूसाच्या खुरांवर उभे पट्टे, नाकाभोवती ठिपकेदार कातडी आणि डोळ्यात बुबुळाभोवती दिसणारा पांढरा भाग हे त्या रंगाबरोबरच येतात. रंगवणाऱ्याने अंगावर ठिपके काढले आणि हे तीन तपशील सोडले, तर काम अर्धवट ठरते.

दुसरी पायरी: माप आणि साहित्य

या छंदात सर्वाधिक परिचित नाव ब्रेयर या अमेरिकी कंपनीचे आहे. शिकागोतील या प्लास्टिक कारखान्याने १९५० मध्ये वूलवर्थ या दुकान-साखळीसाठी मँटलवरच्या, म्हणजे शेकोटीच्या वरच्या फळीवरच्या, घड्याळाची शोभा म्हणून एक ‘वेस्टर्न हॉर्स’ घडवला आणि लोकांनी घड्याळाशिवाय नुसत्या घोड्याची मागणी सुरू केल्यावर कारखान्याचा रोखच बदलला. १९८४ मध्ये ही कंपनी न्यू जर्सीच्या रीव्ह्स इंटरनॅशनलकडे गेली. १९९० पासून केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे केंटकी हॉर्स पार्कमध्ये ‘ब्रेयरफेस्ट’ हा मेळावा भरू लागला आणि जुलैमधला तो मेळावा आज या छंदाचा सर्वांत मोठा उत्सव मानला जातो.

ब्रेयरच्या मापांची नावेच सगळीकडे वापरली जातात, म्हणून ती पाठ असावीत. ‘ट्रॅडिशनल’ म्हणजे खऱ्या घोड्याच्या एक-नवमांश, ‘क्लासिक’ म्हणजे एक-बारांश, आणि १९७५ मध्ये आलेले ‘स्टेबलमेट’ म्हणजे एक-बत्तिसांश. यांच्या मध्ये एक-चोविसांश मापाचे घोडे येतात आणि सर्वांत लहान ‘मिनी व्हिनी’ एक-चौसष्टांश असतात. ही अपूर्णांकांची भाषा कागदावर करून पाहिली की पक्की होते. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये मोजतात आणि एक हँड म्हणजे चार इंच. सोळा हँड उंचीचा घोडा सुमारे १६३ सेंटिमीटर भरतो. ट्रॅडिशनल मापात तो खांद्यापाशी सुमारे १८ सेंटिमीटर, क्लासिकमध्ये साडेतेरा आणि स्टेबलमेटमध्ये पाच सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. हाच हिशेब पुढे खोगीर, कुंपण, स्वार आणि अडथळे निवडताना रोज लागतो. आणखी एक लक्षात ठेवावे: ट्रॅडिशनल मालिकेत विकले जाणारे तट्टू खऱ्या तट्टूच्या मानाने मोठे असू शकते, म्हणून वेष्टनावरच्या शब्दापेक्षा आपल्या मोजपट्टीवर भरवसा ठेवावा.

साहित्य मुख्यतः तीन प्रकारचे असते. ब्रेयरचे बहुतेक मोठे घोडे सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे आणि आतून पोकळ असतात. या कंपनीच्या संस्थापकांच्या घराण्यातील पीटर स्टोन यांनी १९९० च्या दशकात स्वतंत्र कंपनी काढली. तिचे घोडेही याच साहित्याचे आहेत. दुसरा प्रकार चिनी मातीचा. कॅलिफोर्नियातील हेगन-रेनेकर आणि इंग्लंडमधील बेस्विक ही त्यातली मोठी नावे आहेत. हेगन-रेनेकरसाठी मॉरीन लव्ह यांनी घडवलेले घोडे आजही बांध्याचा वस्तुपाठ म्हणून पाहिले जातात, आणि पहिले स्टेबलमेटही त्यांच्याच हातचे. तिसरा प्रकार रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचा. हे घोडे शिल्पकार मर्यादित संख्येत ओततो, ते बहुधा न रंगवता विकले जातात, आणि रंगकाम मालक स्वतः करतो किंवा एखाद्या रंगकाराकडून करून घेतो. नवख्याने सुरुवात प्लास्टिकपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. चिनी मातीचा पाय एका धक्क्यात तुटतो, रेझिनला हाताळणीची सवय लागते, आणि नजर पक्की होण्याच्या काळात हात थोडे धसमुसळे असणे साहजिक आहे.

तिसरी पायरी: दिशा ठरवणे

सर्व काही गोळा करण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो फार लवकर महाग पडतो. एकच माप, एकच जात, एकाच शिल्पकाराचे काम किंवा एकाच साच्यातून निघालेल्या वेगवेगळ्या रंगांचे घोडे, अशी एखादी रेषा आखून घ्यावी. एकाच साच्याचे घोडे ओळीने उभे केले, की त्या साच्याचा गुण आणि दोष जितका स्पष्ट दिसतो तितका तो एकट्या घोड्यात कधी दिसत नाही. नजर तयार करण्यासाठी हा मार्ग मला सर्वांत उपयुक्त वाटतो. जागेची अडचण असलेल्यांनी स्टेबलमेटचा विचार अवश्य करावा, कारण एका फळीवर तबेला मावतो आणि प्रदर्शनांत या मापाला स्वतंत्र वर्ग असतात.

जुन्या मॉडेलांकडे ओढा असेल, तर इतिहासाचा अभ्यास अधिक लागतो. १९६० च्या दशकात ब्रेयरने सोनेरी, निळ्या अशा घोड्यात कधीच न आढळणाऱ्या शोभेच्या रंगांत काही मॉडेल काढली. तेव्हा ती खपली नाहीत, म्हणून थोडीच तयार झाली, आणि म्हणूनच आज संग्राहक त्यांच्या शोधात असतात. १९७० च्या दशकात पांढऱ्या प्लास्टिकची टंचाई झाल्यावर रंगीत प्लास्टिकचे घोडे ओतून त्यांवर पांढऱ्या रंगाचा थर दिला गेला. हे ‘चॉकी’ घोडे हाताला आणि डोळ्याला निराळे लागतात. नियमित उत्पादन कोणते, विशेष आवृत्ती कोणती, चकचकीत कोणती आणि मॅट कोणती, हे माहीत असल्याशिवाय जुन्या मॉडेलची किंमत पारखता येत नाही.

चौथी पायरी: खरेदी

वापरलेले मॉडेल घेताना विक्रेत्याकडे दोन्ही बाजू, समोरून, मागून, कानांची टोके, चारही खूर आणि पोटाखालचा भाग यांची छायाचित्रे मागावीत. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला साच्याची खूण असते आणि तिच्यातील शब्दांवरून मॉडेल साधारण कोणत्या काळातले हे ठरवायला मदत होते. ज्या ठिकाणी घोडा सर्वांत जास्त घासला जातो ती ठिकाणे म्हणजे कान, नाक, खुरांच्या कडा आणि शेपटीचे टोक. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग जोडलेल्या रेषेवर भेग किंवा ओबडधोबडपणा आहे का, हेही विचारावे. घोडा सपाट पृष्ठभागावर चारही पायांवर किंवा त्याच्या आधारावर स्थिर उभा राहतो का, हा प्रश्न विसरू नये.

जाहिरातींतले काही शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ‘लाइव्ह शो क्वालिटी’ म्हणजे प्रत्यक्ष प्रदर्शनात उतरवण्याच्या योग्यतेचे मॉडेल. ‘बॉडी’ म्हणजे खराब झालेले, पुन्हा घडवण्या-रंगवण्यासाठी विकले जाणारे मॉडेल. पहिला शब्द विक्रेता आपल्या समजुतीने वापरतो, म्हणून छायाचित्रे स्वतः तपासावीतच. पुन्हा रंगवलेला घोडा मूळ रंगाचा म्हणून विकला जाण्याचा धोकाही असतो. रंगाचे थर जाड दिसणे, साच्याच्या खुणेत रंग साचणे किंवा डोळ्यांची धाटणी त्या मालिकेपेक्षा वेगळी असणे, ही संशयाची कारणे आहेत.

रेझिनच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. शिल्पकाराच्या परवानगीशिवाय साचा काढून ओतलेल्या नकला बाजारात येतात. त्या स्वस्त मिळतात, पण ज्या शिल्पकारांच्या कष्टावर हा छंद उभा आहे त्यांचे त्यात सरळ नुकसान आहे. छंदातील लोक अशा नकलांना थारा देत नाहीत. शिल्पाचे नाव, शिल्पकाराचे नाव आणि मालकी कोणाकडून कोणाकडे आली याचा लेखी पुरावा मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर व्यवहार सोडून द्यावा.

पाचवी पायरी: निगा

सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे तीन शत्रू आहेत: उष्णता, ऊन आणि कोंडलेली हवा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवलेल्या घोड्याचे पाय वाकतात आणि तो एका बाजूला कलतो. सूर्यप्रकाशाने पांढरा रंग पिवळा पडतो. काही जुन्या मॉडेलांचे प्लास्टिक कालांतराने विघटित होऊ लागते. ते आक्रसते, त्यातून चिकट द्रव पाझरतो आणि व्हिनेगरसारखा वास येतो, कारण अ‍ॅसिटेटमधून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागलेले असते. ही आम्लाची वाफ शेजारच्या मॉडेलांचे विघटनही वेगवान करते, म्हणून असा घोडा दिसताच तो बाजूला, थंड आणि हवेशीर जागी ठेवावा. काचेचे कपाट धुळीपासून वाचवते, परंतु ते पूर्ण हवाबंद नसावे आणि खिडकीसमोर नसावे.

किंचित वाकलेला पाय घरी सरळ करता येतो. पाय गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात धरावा, प्लास्टिक मऊ झाल्यावर हलक्या हाताने जागेवर आणावा आणि लगेच थंड पाण्यात धरून घट्ट करावा. एका वेळी थोडेच वळवावे. हा उपाय मौल्यवान जुन्या घोड्यावर आधी करून पाहू नये.

धुळीसाठी मऊ केसांचा मेकअपचा ब्रश सर्वांत सोयीचा. हट्टी मळ कोमट पाण्यात सौम्य साबण घालून, मऊ कापडाने पुसावा. नखांचा रंग काढणारा द्रव जवळपासही आणू नये, कारण अ‍ॅसिटोन सेल्युलोज अ‍ॅसिटेट विरघळवतो. घासून पांढरे करणारे स्पंजही टाळावेत. ते मळाबरोबर रंगही काढतात. आणि चामड्याचा साज घोड्यावर कायमचा चढवून ठेवू नये, कारण त्याचा रंग फिक्या अंगावर उतरतो आणि पट्ट्यांचे वळ पडतात.

सहावी पायरी: नाव आणि नोंद

प्रत्येक घोड्याला नाव, जात, लिंग आणि रंग ठरवून द्यावा, आणि एका वहीत किंवा तक्त्यात साच्याचे नाव, मॉडेल क्रमांक, उत्पादनाची वर्षे, खरेदीची तारीख व किंमत, दोष आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे नोंदवावीत. प्रदर्शनात अर्ज भरताना, विकताना आणि दुर्दैवाने काही तुटले-हरवले तर ही वही फार कामाची ठरते.

सातवी पायरी: छायाचित्रांची प्रदर्शने

घरबसल्या सुरुवात करायची असेल, तर छायाचित्रांवरून परीक्षण होणारी प्रदर्शने योग्य आहेत. येथे घोड्याइतकेच छायाचित्र परीक्षेला बसते. कॅमेरा घोड्याच्या खांद्याच्या उंचीवर आणावा. वरून काढलेल्या छायाचित्रात घोडा लगेच खेळण्यासारखा दिसतो. फोन अगदी जवळ नेला, तर कॅमेऱ्याकडे असलेले डोके किंवा पुठ्ठा अवास्तव मोठा दिसतो आणि उत्तम बांध्याचा घोडाही बेढब वाटतो. त्याऐवजी मागे सरकून झूम करावे. फ्लॅश वापरू नये. सकाळचा किंवा ढगाळ दिवसाचा प्रकाश अंगाचे उतार-चढाव नीट दाखवतो. पार्श्वभूमीचे माप तपासावे: खऱ्या गवताचे एक पाते स्टेबलमेटच्या गुडघ्याच्या वर जाते, आणि साधा खडा शेजारी ठेवला तरी तो शिळा होतो. क्षितिजाची रेषा घोड्याच्या पाठीच्या आसपास ठेवली, तर तो मोकळ्या जागेत उभा असल्याचा भास टिकतो. छायाचित्र पाठवण्यापूर्वी ते पडद्यावर मोठे करून पाहावे, कारण डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे ठळक दिसतो.

आठवी पायरी: प्रत्यक्ष प्रदर्शन

प्रत्यक्ष प्रदर्शनातले वर्ग प्रथम घोड्याच्या घडणीवरून पाडले जातात: कारखान्यातून जसा आला तसा मूळ रंगाचा, मालकाने किंवा कलाकाराने बदललेला, शिल्पकाराचा रेझिन, आणि चिनी मातीचा. त्यानंतर परीक्षण कशाचे, यावरून प्रकार येतात. ‘हॉल्टर’ म्हणजे जातीच्या वर्गात बांधा, जातीचे लक्षण, रंगाचा खरेपणा आणि मॉडेलची अवस्था पाहतात. ‘वर्कमनशिप’मध्ये रंगकाम आणि घडणीची सफाई मोजली जाते. ‘कलेक्टिबिलिटी’मध्ये दुर्मीळपणा, वय आणि जतन महत्त्वाचे असते, म्हणून तिथे मॉडेलचा इतिहास थोडक्यात सांगणारे कार्ड शेजारी ठेवतात. एकच घोडा वेगवेगळ्या प्रकारांत उतरू शकतो आणि एका ठिकाणी मागे पडलेला दुसरीकडे पहिला येऊ शकतो. ब्रेयरचा एखादा जुना, बांध्याने साधारण पण दुर्मीळ घोडा याचे उत्तम उदाहरण ठरतो.

आयोजकांची नियमावली आधी पूर्ण वाचावी. घोड्याच्या पायाला दोऱ्याने एक लहान चिठ्ठी बांधतात आणि तिच्यावर घोड्याचे नाव, जात, लिंग व मालकाची ओळख लिहितात. मालकाची ओळख परीक्षकाला सहज दिसू नये अशी काळजी काही ठिकाणी घेतली जाते, म्हणून चिठ्ठी कशी घडी करायची तेही नियमांत पाहावे. जात फारशी परिचित नसेल, तर तिच्या लक्षणांचे आणि मान्य रंगांचे एक छोटे कार्ड खऱ्या घोड्याच्या छायाचित्रासह ठेवावे. परीक्षकाला प्रत्येक जात पाठ असेल अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही, आणि चांगले कार्ड अनेकदा निर्णयाचे पारडे फिरवते.

प्रवासात प्रत्येक घोडा वेगळ्या मऊ कापडी पिशवीत घालावा, पायांच्या मध्ये आणि कानांभोवती मऊ कागद भरावा, आणि पेटीत घोडे एकमेकांना टेकणार नाहीत असे ठेवावेत. फुगे असलेले प्लास्टिक थेट रंगलेल्या अंगावर गुंडाळू नये, कारण उष्णतेत त्याचे गोल ठसे रंगावर उमटतात.

वर्गाची हाक आली, की घोडा टेबलावर ठेवून त्याची उत्तम बाजू परीक्षकाकडे करावी, शेवटचा ब्रश फिरवावा आणि टेबलापासून दूर व्हावे. परीक्षण चालू असताना परीक्षकाशी बोलू नये, टेबलाला धक्का लागू देऊ नये, आणि दुसऱ्याच्या घोड्याला परवानगीशिवाय कधीही हात लावू नये. एक घोडा कोसळला, तर रांगेतले पुढचे सगळे कोसळतात. वर्गातले पहिले दोन घोडे सहसा त्या विभागाच्या अजिंक्यपदासाठी पुन्हा बोलावले जातात, म्हणून ते लगेच पेटीत भरू नयेत. स्वतः जाणे शक्य नसेल, तर दुसऱ्या सभासदाकडे घोडे सोपवून त्याच्यामार्फत उतरवण्याची पद्धतही प्रचलित आहे. अनेक ठिकाणी नवख्यांसाठी आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग असतात. पहिल्या खेपेला त्यातच उतरावे.

उत्तर अमेरिकेत ‘नाम्सा’ या नावाने ओळखली जाणारी मॉडेल हॉर्स प्रदर्शनांची संघटना आहे. तिच्या मान्यताप्राप्त प्रदर्शनात वर्गात पहिला किंवा दुसरा आलेला घोडा तिच्या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी पात्र ठरतो आणि त्याला तसे कार्ड मिळते. घोडा विकला गेला, तर कार्डही त्याच्याबरोबर जाते, म्हणून ते नोंदवहीसोबत जपून ठेवावे.

नववी पायरी: साज चढवणे

‘परफॉर्मन्स’ वर्गात घोडा खोगीर, लगाम आणि प्रसंगासह मांडला जातो. या छंदातला सर्वांत कष्टाचा आणि माझ्या मते सर्वांत समाधान देणारा भाग हाच. येथे पहिला नियम असा, की प्रसंग घोड्याला शोभला पाहिजे. शांत उभ्या घोड्याला अडथळ्यावर उडी मारायला लावता येत नाही. मागचे पाय पोटाखाली घेऊन बसल्यासारखा थांबलेला घोडा मात्र वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉयांच्या, पद्धतीच्या ‘रेनिंग’ या स्पर्धेतला सरकत थांबण्याचा क्षण दाखवू शकतो. त्यामुळे आधी घोड्याची चाल ओळखावी, मग ती चाल कोणत्या खेळात, कोणत्या क्षणी येते ते शोधावे, आणि शेवटी साज निवडावा.

साजात माप आणि बसण्याची जागा या दोन गोष्टी परीक्षक आधी पाहतो. खोगीर पाठीवर मान आणि पाठ मिळतात त्या उंचवट्याच्या मागे बसावे, तंग कोपराच्या मागे घट्ट असावा, दोन्ही रिकिबी सारख्या उंचीवर लोंबाव्यात, आणि लगामाची कडी तोंडाच्या कोपऱ्यात टेकलेली असावी. हवेत तरंगणारी कडी ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. कडी आणि पट्टे जागच्या जागी धरण्यासाठी थोडे चिकट मेण वापरतात, पण ते बाहेरून दिसू नये. लगाम ढिला की ताणलेला, हेही खेळावर अवलंबून असते: संथ, सहज चाली दाखवण्याच्या वेस्टर्न प्लेझरमध्ये तो सैल लोंबतो, शिस्तबद्ध हालचालींच्या ड्रेसाजमध्ये हलका संपर्क असतो. इंग्लिश खोगिरावर वेस्टर्न लगाम चढवणे म्हणजे वर्ग सुरू होण्यापूर्वीच हरणे.

अडथळ्यांची उंचीही नवव्या हिश्श्याने मोजावी: एक मीटर वीस सेंटिमीटरचा अडथळा ट्रॅडिशनल घोड्यासाठी सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास येतो. उडी घेणारा घोडा अडथळ्याच्या किती जवळ किंवा लांब आहे, यावरून तो आता उठतो आहे की उतरतो आहे हे कळते, म्हणून ते अंतर खऱ्या उड्यांच्या चित्रफितींशी ताडून पाहावे. शेजारी ठेवलेल्या कार्डावर वर्गाचे नाव, दाखवलेला क्षण आणि तो स्पर्धेच्या कोणत्या टप्प्यातला आहे हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. स्वाराची बाहुली बहुतेक वर्गांत बंधनकारक नसते. ती ठेवली, तर तिचे हात लगामावर, टाचा खाली आणि नजर पुढे असायला हवी, नाहीतर ती नसलेलीच बरी.

मॉडेल स्वतः बदलण्याची, म्हणजे आयाळ पुन्हा घडवण्याची किंवा अंग नव्याने रंगवण्याची इच्छा पुढेमागे होतेच. त्यासाठी खराब झालेले, स्वस्तातले ‘बॉडी’ मॉडेल घ्यावे, इपॉक्सी पुटीने आकार द्यावा, प्रायमरचा पातळ थर द्यावा आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक, तैलरंग किंवा पेस्टलचे अनेक पातळ थर चढवावेत. रेझिन किंवा पुटी घासताना ती ओली करून घासावी आणि श्वसनाचा मास्क लावावा, कारण ती बारीक पूड फुप्फुसांत जाता कामा नये. स्प्रे मारायचा असेल, तर तो मोकळ्या हवेतच मारावा. बदललेला घोडा पुढे मूळ रंगाच्या वर्गात उतरवता येत नाही, हे लक्षात घेऊनच दुर्मीळ किंवा सुस्थितीतल्या जुन्या मॉडेलवर हे प्रयोग करू नयेत.

प्रदर्शन संपल्यावर, परीक्षक मोकळे असतील तेव्हा, आपल्या घोड्याबद्दल त्यांचे मत नम्रपणे विचारावे आणि ते त्याच दिवशी नोंदवहीत त्या घोड्याच्या नावापुढे लिहून ठेवावे. दोन-तीन प्रदर्शनांनंतर वेगवेगळ्या परीक्षकांची एकाच घोड्याबद्दलची मते शेजारीशेजारी वाचली, की त्याची जात बदलून मांडायची, त्याला दुसऱ्या वर्गात उतरवायचे की त्याच्या जागी दुसरा घोडा शोधायचा, हे ठरवणे सोपे जाते.